पेत्राबाईंची सुरी आणि सरकारी निवडुंग

मेक्सिको शहर,
१० मे

ति. सोलेदादताईस,
धाकट्या नाबोरचा साष्टांग नमस्कार. हात जोडलेले नाहीत, का ते पुढे येईल.

ओतिलियाचं काय झालं, असं तू विचारतेस. तिच्या आईनं, पेत्राबाईंनी, मला तोंडावर सांगितलं होतं, की तुझा पाय कुठे टिकत नाही, रविवारी आम्हाला फिरायला ने, मग मुलगी द्यायची का ते बघू. मी दोघींना निवडुंगांच्या सरकारी बागेत नेलं. म्हटलं, बाईंचा जन्म निवडुंगाच्या शेतात गेला, खूश होतील. (बसमध्ये एकाजवळ शिव्या देणारा पोपट होता. काय पोपट! असो.)

लांबलांबून आणलेल्या गोल, केसाळ निवडुंगांकडे बाईंनी ढुंकून पाहिलं नाही. आपल्या रोजच्या भाजीच्या फड्या निवडुंगापाशी मात्र थबकल्या. पानं राठ व्हायला आली तरी कुणी खुडेना, या झाडाला कुणी वाली आहे का नाही, असं करवादत त्यांनी पिशवीतून सुरी काढली आणि सपासप कापणी सुरू केली! मी म्हटलं, अहो, ही बघायची झाडं. तर म्हणाल्या, भाजी काय बघायची असते होय रे?

तेवढ्यात रखवालदार आला. ओतिलिया पांढरीफटक. मी पुढे होऊन म्हणालो, पानं मी कापली. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, असं का, मग एक पान सोलून दाखवा बघू, साहेब. ताई, मी ते मासा पकडावा तसं मुठीत आवळलं. काटे झाडून सगळे तळहातात! रखवालदार हसून हसून खाली बसला, बाईही हसल्या. पानं जप्त करून त्यानं आम्हाला फाटकाबाहेर काढलं.

बाहेर बाकावर बाईंनी माझे काटे उपसले. म्हणाल्या, खोटं बोलतोस तेही धड नाही, उद्यापासून पहाटे शेतावर ये. गेला आठवडाभर राबतोय. हा होकार समजू की फुकटची मजुरी? ओतिलियाला विचारलं तर नुसती हसते. लवकर कळव, नाहीतर किनाऱ्याकडे जाणाऱ्या ट्रकवाल्याशी माझं बोलणं झालंय.

लोभ ठेव, आणि चिमटा असला तर तोही पाठव.
नाबोर

पुएब्ला,
१५ मे

चि. नाबोरास,
ताईचे आशीर्वाद, आणि दोन धपाटे उधार.

ट्रकवाल्याला आधी नाही म्हणून ये. तुझ्या बागेच्या दुसऱ्याच दिवशी पेत्राबाईंचा फोन आला होता. लग्नाला तुमच्याकडची माणसं किती, एवढंच विचारत होत्या. आईनं निम्मं गाव सांगितलंय. बाईंनी वर बजावलं, की पोराला इतक्यात कळू देऊ नका, कापणी उरकेपर्यंत राबू दे.

तेव्हा मी तुला काही सांगितलेलं नाही. उद्या पहाटे तोंड पाडूनच शेतावर जा.

माया आहेच, पण पळालास तर ती ओतिलियाच्या नावे करीन.
सोलेदाद