ओली बांधलेली गोधडी

माय, आज तुझी गोधडी धुवायला काढली. नांदेडच्या या फ्लॅटात धुणं म्हणजे मशीनचं झाकण लावायचं आणि विसरून जायचं. पण ही आत घातली की मशीन थोडं घुरघुरतं आणि बंद पडतं. सुनेनं लॉन्ड्रीवाल्याला बोलावलं. त्यानं एक टोक उचलून पाहिलं, तसंच खाली ठेवलं आणि म्हणाला, ‘मावशी, ह्याला धोबी नाही, हमाल लागतो.’ मला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर जरा अभिमानही वाटला. म्हणून गच्चीवर मोठ्या टबात रिठे भिजवले आणि साडी खोचून स्वतःच आत उभी राहिले. घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन निघालं पाहिजे, ही तुझी शिस्त मी अजून मोडलेली नाही. गुडघे कुरकुरतात, पण पायाखाली पाणी निळसर व्हायला लागलं की बरं वाटतं. इतकी वर्षं झाली तरी ही थोडा थोडा रंग सोडतेच.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, तेव्हाची ही गोधडी. बारीकसारीक कामासाठी उस्मानाबादला खेपा घालायच्या संपल्या म्हणून लोक खूश होते. कचेऱ्यांच्या पाट्यांवरचा रंग अजून ताजा होता आणि नळाला मात्र पाणी नव्हतं. पावसानं पाठ फिरवलेली, मांजरा नदी कोरडी, गल्लीत टँकर आला की आधी घागरी भांडायच्या आणि मग बायका. अप्पा नव्या कचेरीत शिपाई म्हणून लागले होते आणि त्या पांढऱ्या गणवेशाची त्यांना केवढी ऐट. तू गोलाईच्या बाजारातल्या एका टेलर मास्तरांकडे काज-बटणं करायचीस. बदलून आलेल्या साहेबलोकांच्या पोरांनी जीन पँटीचं खूळ सोबत आणलं आणि मास्तरांच्या पायाशी निळ्या चिंध्यांचा ढीग साठायला लागला.

त्याच दिवसांत माझा नोकरीचा हुकूम आला. किनवटच्या जंगलातली आश्रमशाळा, मुलींच्या वसतिगृहातच राहायचं, आणि नवरात्राच्या आत रुजू व्हायचं. अप्पांनी कागद वाचला, घडी घातली, खिशात ठेवला. ‘लग्नाची पोरगी जंगलात? न्हाई. हितंच बगू कुठंतरी.’ तू अप्पांशी कधी वाद घातला नाहीस, आणि लोक म्हणायचे, बाई किती गरीब स्वभावाची. मला मात्र ठाऊक होतं की तुला वादाची गरजच पडत नसे. दुसऱ्या दिवशी तू चिंध्यांचं पोतं डोक्यावर घेऊन आलीस. मास्तर दारापर्यंत समजावत आले होते, ‘बाई, इसकी गोधडी नै होती. सुई नै चलती इसमें.’ तू म्हणालीस, ‘चालती का न्हाई ते सुईला इचारू, मास्तर.’

सुया मोडत होत्या. अजून दिसतं मला ते: तू चौकटीत बसली आहेस, दोऱ्याला मेण लावते आहेस, अंगुस्तान घातलेल्या बोटानं सुई रेटते आहेस आणि पलीकडून दातांनी ओढून काढते आहेस. खाली तुझी जुनी लुगडी, मध्ये अप्पांची धोतरं, वर सगळं निळं. कुणाच्या तरी पँटीचा चुकून कापला गेलेला अख्खा खिसाही तू उशाच्या बाजूला बसवून टाकलास. भाकरी थापायची वेळ झाली की मी तव्यापाशी आणि तू गोधडीपाशी. अप्पा ताटावर बसून बघायचे.

‘येवढी जाड कामून करायलीस?’ त्यांनी शेवटी विचारलं.

‘किनवटला थंडी लई आसती म्हनं.’

‘पन जायलंय कोन?’

‘कोनी का जाईना. हितं लातुरात ही कोन पांघरील? घामानं मरंल मानूस.’

शेवटचा कोपरा शिवताना तू डब्यातून चिमूटभर ज्वारी घेतलीस आणि आत सारलीस. पांघरूण उपाशी ठेवायचं नसतं, हे तुझ्या देवणीकडच्या माहेरचं. तिथल्या बायका कोपऱ्यात दाणे घातल्याशिवाय गोधडीचं तोंड बंद करत नाहीत.

गोधडी पुरी झाली तशी अप्पांनी एक अट काढली. हाताला रंग लागतो, खळीचा वास येतो. न धुतलेलं पांघरूण घटाच्या तोंडावर घराबाहेर न्यायचं नाही. ‘धुऊन वाळली तर जाऊ दे तिला,’ असं म्हणाले आणि रिकाम्या रांजणाकडे बघून मिशीत हसले. प्यायला पाणी नाही तिथं ही कुठे धुणार, असा त्यांचा हिशेब. तू औशाच्या रस्त्यावरच्या एका मळेवाल्या बाईला गाठलंस. विहिरीला थोडं पाणी होतं. ती म्हणाली, ‘हौदात धुवा, पन सोडा-साबन घालायचा न्हाई. तेच पानी गाईच्या कडवळाला जातंय.’ म्हणून रिठे. लाईट आली, मोटार सुरू झाली आणि आपण दोघींनी हौदात उतरून ती गोधडी तुडवली. पाटातून निळं पाणी निघालं तेव्हा ती बाई काळजीनं म्हणाली, ‘माझी गाय निळं दूध देईल का गं आता?’ तू इतकी हसलीस की हौदाच्या काठाला टेकावं लागलं.

पण भिजलेली गोधडी वर निघेना. दोघींनी ओढली तर आपणच आत घसरायला लागलो. एवढ्यात अप्पा सायकल घेऊन येताना दिसले. घरी कुलूप बघून, शेजारी विचारून निघाले असणार. ते काठावर उभे राहिले आणि तू, भांडण-बिंडण काही नसल्यासारखी, म्हणालीस, ‘आवो, धरा तेवढं टोक.’ त्यांनी धरलं. पिळायला दोन माणसं समोरासमोर लागतातच. तू इकडे पीळ देते आहेस, ते तिकडे देत आहेत, आणि त्यांच्या पांढऱ्या गणवेशावर निळे ओघळ उतरत आहेत.

‘लई जड केलीस,’ अप्पा म्हणाले.

‘थंडी लई हाय तिथं.’

आणखी एक पीळ बसला. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘नांदेडची गाडी सकाळची हाय. तिथून किनवटची मिळती.’ म्हणजे कचेरीतून सुटल्यावर ते स्टँडवर चौकशी करून आले होते. तो गणवेश पुन्हा कधी पांढरा झाला नाही.

निघायच्या सकाळी गोधडी ओलीच होती. मी म्हणाले, ‘वाळू दे की, दोन दिवस थांबते.’ तू ऐकलं नाहीस. खताच्या पिशव्या उसवून केलेल्या मेणकापडात ती गुंडाळलीस, सुतळीनं आवळलीस आणि म्हणालीस, ‘तिथं वाळंल.’ पोचल्यावर कामाच्या गडबडीत मी ते बोचकं एकदम सोडलं नाही. सोडलं तेव्हा एका कोपऱ्यातल्या टाक्यांमधून पिवळट कोंब वर आले होते. वसतिगृहातल्या मुली गोळा झाल्या आणि एक जण म्हणाली, ‘बाई, तुमची गोधडी उगवली.’ त्या दिवसापासून त्या मला घाबरेनाशा झाल्या. पुढे थंडीत आजारी पडलेली मुलगी माझ्या गोधडीत झोपायची, ही पद्धतच पडली. उशाच्या खिशात मी काडेपेटी ठेवायचे.

तिथून मी तुला पत्रं लिहायचे. गोधडी उबदार आहे, मुली गुणी आहेत, मी मजेत आहे. तुला वाचता येत नव्हतं. अप्पा ती ओसरीवर बसून मोठ्यानं वाचून दाखवायचे, म्हणून एक गोष्ट कधी लिहिता आली नाही. आता अप्पाही नाहीत आणि हे पत्र टाकायचं म्हटलं तर पत्ता नाही. मला जायचं नव्हतं, माय. अप्पा न्हाई म्हणाले तेव्हा मला हायसं वाटलं होतं. जंगलाची भीती वाटायची, तुझ्यापासून लांब जायची त्याहून जास्त. सुई मोडली की बरं वाटायचं, आणि त्या शेवटच्या सकाळी दोरीवरच्या गोधडीला हात लावून मी मनात म्हणत होते, वाळू नकोस. ती वाळली नव्हती, आणि तरी तू बांधलीस. तुला माझं मन कळलं होतं, असं आता वाटतं. त्या दोन दिवसांत मी नाही म्हटलं असतं.

आत्ता मुलगा गच्चीवर आला होता. त्यानं दुसरं टोक धरलं आणि पीळ देताना म्हणाला, ‘आई, केवढी जड आहे ही.’ मी म्हणाले, किनवटला थंडी लई. त्याला काही कळलं नाही. गोधडी कठड्यावर ठिबकते आहे, आणि आज ती पुरती वाळेपर्यंत मी इथून उठणार नाही.