फोनवर न सांगितलेलं बाळंतपण

प्रिय ताई,

फोनवर मी तुला म्हटलं, "बाई गं, जीव जायची वेळ आली होती." ते खोटं होतं. तुझ्या लेकीच्या वेळी तू दोन दिवस तळमळलीस. माझं बाळंतपण छान झालं, हे तुला सांगायला जीभ रेटेना.

पण छानच झालं, ताई. दुखलं, चांगलंच दुखलं. कळ आली की मी खिडकीचा गज धरून डोलत राहायचे. मध्येच नर्सला विचारलं, "माफ करा, मी फार ओरडतेय का?"

"अहो, बाळ आणताय की अर्ज भरताय? ओरडा बिनधास्त!"

मला हसू फुटलं आणि हसता हसताच पुढची कळ आली. शेवटी तिने माझे हात खाली नेले, आणि बेचाळिसाव्या वर्षी माझी मुलगी मीच उचलून छातीशी धरली. त्या क्षणी कोणी विचारलं असतं, तर पुन्हा लगेच तयार झाले असते.

मी मिरवतेय का? हो, मिरवतेय. म्हणून हे पत्र वहीतच ठेवणार आहे.

पण काल तुझी लेक आली. सातवा महिना, आणि भीतीने झोप उडालेली. "मावशी, खरं सांग. फार वाईट असतं का गं?"

तुला सांगितलेलं खोटं तिला सांगवेना. सगळं खरं सांगितलं. ऐकून झाल्यावर तिने माझ्या मुलीला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "आता पुन्हा पहिल्यापासून सांग."

तुझीच,
धाकटी