आतली कडी

९ जानेवारी, शुक्रवार. मंगलूर

पुन्हा तेच. बाबा म्हणे पैसे नको पाठवू. काऊन नको? तीन साल झाले पाठवून राह्यलो, बँकेतून एक रुपया काढत नाई. तिकडं माय अजून उघड्या न्हाणीत आंघोळ करते. तीन बाजूनं कपाशीच्या पऱ्हाट्याचा कुड, चौथ्या बाजूले जुनं लुगडं. म्हणे, ते पैसे तुये आहे, तुयेच राहू दे. न्हाणी बांधाची असन तं ये अन् बांध.

कसा येऊ? इथं कामं सोडून?

सहा साल झाले, लोकाच्या बाथरूममध्ये टाइल्स लावतो. सुरत, पुणे, गोवा, आता हे. एका ठिकाणी मन लागत नाई, हे खरं. पण दोनशेच्या वर बाथरूम माया हातानं झाले असन. मायले एक नाई.

१० जानेवारी

संक्रांतीले जातो. धर्मेंद्रनं — ठेकेदार — आठ दिवस दिले. कुरकुर करून दिले.

अन् एक गोष्ट ठरवली. गावाकडं, जामजवळ हायवेच्या बाजूले नवीन हॉटेल झालं, शेतात. फोनवर फोटो पाह्यले. बाथरूम असा की आपण लावतो तसा! काचेचं दार, भिंतीतून गरम पाणी. एक दिवस मायनं तिथं आंघोळ करावं. आठ हजार दोनशे. बुक केलं. घरी सांगतलं नाई किती.

१५ जानेवारी, गुरुवार. वडनेर

तीळगूळ झाला. हॉटेलचं सांगतलं तं बाबा म्हणे, वांग्याले पाणी कोण देईन? मी प्रभाकररावले विचारून ठेवलं होतं, शेजारचेच आहे, ते देतो म्हणे. मग म्हणे, घर असताना दुसऱ्याच्या घरी निजाले पैसे कायले? मायनंच मिटवलं. म्हणे, पोरानं एवढ्या हौसेनं केलं, चला ना जी.

मायनं पिशवीत लोटा घेतला. अंग घासाची वजरी घेतली. मी म्हटलं तिथं सगळं असते. म्हणे असू दे.

१६ जानेवारी, शुक्रवार. हॉटेल

राग आला आहे.

खोली मातीची. मातीच्या भिंती, वरून कौलं, कोपऱ्यात कंदील, त्यात बल्ब. दारात बैलगाडीचं चाक टेकवलेलं. बाबानं त्याले हात लावून पाह्यलं, म्हणे आरा मोडला आहे. बस, तेवढंच बोलले.

बाथरूम पाह्याले गेलो. वरतं छत नाई. भिंत माया छातीएवढी. अन् दार नाई! बांबूची चटई टांगली आहे दाराच्या जागी. गरम पाणी पाह्यजे असन तं सकाळी सांगाचं, तांब्याच्या घंगाळात आणून देते.

आठ हजार दोनशे रुपये देऊन मायले पुन्हा न्हाणीतच आणलं मी.

काउंटरवर रंजिता नावाची मॅनेजर होती. चांगली बोलली, खोटं काऊन सांगू. म्हणे, फोटोतला बाथरूम दुसऱ्या खोलीचा, त्याचे चार हजार जास्त. अन् म्हणे, "पाहुण्यांना हेच आवडतं, काका. शहरात उघडं आभाळ कुठं दिसतं?"

बाबा म्हणे, "आमाले रोज दिसते."

ती हसली. बाबा हसले नाई.

मी चार हजार भराले फोन काढला तं बाबानं माया हात धरला. राहू दे म्हणे. मी आहे ना.

खोलीत येऊन फरशीवर नाणं ठोकून पाह्यलं. सवय. तीन टाइल्स पोकळ, खाली सिमेंटचा माल नाई. बाथरूमचा उतार उलटा, पाणी खोलीकडं येते. मी बडबड करून राह्यलो तं माय म्हणे, जेवून घे बाप्पा.

जेवण झुणका-भाकर. मायनं एक घास खाल्ला अन् म्हणे, पीठ जुनं आहे. मग सगळं खाल्लं. टाकाचं कसं!

१७ जानेवारी, शनिवार

पाच वाजता जाग आली. थंडी खूप. माय पलंगावर नाई, बाबाही नाई. बाहेर पाण्याचा आवाज.

उठून पाह्यलं. बाथरूमच्या चटईसमोर बाबा बादली पालथी घालून बसले होते. पाठ चटईकडं. डोक्यावरून शाल. बाजूच्या खोलीतलं कोणी जरा चाललं की बाबा खोकलत. मोठ्यानं. खोकला नसताना.

आतून मायनं विचारलं, "आहे का जी?"

"आहे."

पाणी पडलं. वजरीचा आवाज आला. मग पुन्हा, "आहे का?"

"आहे ना."

दोघाच्याही आवाजात काई नवीन नव्हतं. तसंच विचारलं, तसंच सांगतलं — जसं रोज. अन् मले समजलं की रोजच. मी लहान होतो तवा मले वाटे बाबा अंधारात उठून ओट्यावर बिडी पितात. पण बिडी तं त्यायनं कधीच पेली नाई. मी झोपून राहो. एवढे साल झोपून राह्यलो.

परत जाऊन पडलो. डोळे मिटून घेतले. माय आली, ओले केस. तिनं चादरी घडी केल्या, अन् कुठून तरी झाडू शोधून खोली झाडली. मी म्हटलं, माय, त्याचे पैसे दिले आपण. म्हणे, लोकाचं घर आहे, कसं टाकून जावं?

संध्याकाळी

चुकलं मायं. जामच्या स्टँडवर बसची वाट पाह्यत होतो, तिथं बाबाले म्हटलं — तीन साल आधी माये पैसे घेतले असते तं आज हे दिवस पाह्यले नसते. लोकासमोर म्हटलं. सकाळचं सगळं पाहूनही तेच तोंडातून निघालं.

बाबा म्हणे, "पैसे बँकेतच असते. भिंतीले हात लागते. तुये हात लोकाच्या घरी."

माय म्हणे, बस आली.

१९ जानेवारी

गाडीत. उद्या पोचन. निघताना बाबा वावरात होते. वांगे तोडून राह्यले होते. येतो म्हटलं. हो म्हणे. बस.

२८ जानेवारी. मंगलूर

काम. टाइल्स नाण्यानं तपासतो, उतार पाणी टाकून, दोनदा.

३ फेब्रुवारी

आजचा बाथरूम पुरा झाला. सुतारानं दार बसवलं. घरवाली बाई आत गेली अन् आतून कडी लावून पाह्यली. टक्. उघडली. पुन्हा लावली. हसत बाहेर आली.

तो आवाज दिवसभर डोक्यात. जेवलो नाई.

९ फेब्रुवारी, सोमवार

मायचा फोन. बाबानं न्हाणी बांधली. एकट्यानं! प्रभाकररावनं विहिरीवरचं जुनं मोटारघर पाडलं, त्याच्या विटा आणल्या. दार जुन्या खाटीच्या फळ्याचं. भिंत वाकडी आहे म्हणे, पण डोक्याच्या वर आहे. मले सांगू नको म्हटलं होतं त्यायनं, पुरी होईपर्यंत.

मग बाबानं फोन घेतला. म्हणे, "आतली कडी कोणची घेऊ? तुले समजते त्यातलं."

स्टीलची सांगतली. पाण्यानं गंजत नाई. आठ इंची. स्क्रू लांब घ्याचे.

बाबा म्हणे, "कडीचे पैसे तू पाठव. बँकेत नको. प्रभाकररावच्या फोनवर टाक, आजच आणतो."

सहा सालात पह्यल्यांदा मागतले.

एकशे ऐंशी रुपये पाठवून राह्यलो.