बिनआवाजाची गाडी

११ जानेवारी
मोटारसायकलचं इंजिन उतरवलं. एकट्यानं! पाठ गेली कामातून. उरलेल्या सांगाड्याकडे बघून ही म्हणाली, "अहो, तुमच्यापेक्षा हिचीच तब्येत बरी दिसतेय."

१९ जानेवारी
मोडीत निघालेल्या विजेच्या स्कूटरचं मोटरवालं चाक मागे बसवलं. आधाराच्या पट्ट्या मीच कापल्या, कानशीनं घासल्या – केसभर फट नाही. मेहुणा आला होता. बॅटरीच्या दुकानात कामाला, म्हणून विजेचा शोध यानंच लावला! माझ्या बॅटरीचे जुने सेल हातात घेऊन म्हणाला, "भाऊजी, नुसता मीटर लावून कळत नाही. भार देऊन तपासा. बसल्या जागी सगळेच ठणठणीत दिसतात." एकूण एक सेल मोजलाय, वर सुबक आकडा घातलाय. मला शिकवतो!

२ फेब्रुवारी
चालली! गल्लीभर, लोण्यासारखी. आवाज म्हणून नाही. शेजारची मांजर थोडक्यात वाचली – तिला गाडी आल्याचं कळलंच नाही.

४ फेब्रुवारी
हिला मागे बसवून दवाखान्याचा चढ घेतला. ही तिथे कामाला, रोज धापा टाकत चढते. हा सगळा खटाटोप त्यासाठीच. अर्ध्यावर गाडीनं मान टाकली. दोघांनी ढकलली. आणि मेहुणा नेमका समोरून! "भाऊजी, सेल –" एवढंच बोलला. मी भर रस्त्यात ओरडलो, "सेल उत्तम आहेत! रविवारी चढली नाही तर भंगारात घालीन!"
बोलून बसलो.

६ फेब्रुवारी
सगळी जोडणी पुन्हा तपासली. चूक सापडत नाही. जेवण गेलं नाही.

७ फेब्रुवारी
सकाळी कंट्रोलरचं, म्हणजे मोटरला वीज सोडणाऱ्या डबीचं, सेटिंग किंचित वाढवलं आणि गाडी घरीच ठेवून कामावर गेलो. आता जे होईल ते.

८ फेब्रुवारी, रविवार
चढली!! हिला घेऊन, एका दमात! म्हणजे दोष कंट्रोलरचाच होता. मेहुण्याला मुद्दाम बोलावून अर्धा तास समजावलं. "मानलं बुवा तुम्हाला," म्हणाला. चेहरा बघण्यासारखा!

१० फेब्रुवारी
लवकर घरी आलो. गाडी दाराशी लावली तरी आत कुणाला पत्ता नाही. खिडकीतून हिचा आवाज – "शनिवारी तू सेल बदललेस, ते यांना कळता कामा नये हं. आकडे यांच्यासारखेच घातलेस ना?"
मेहुणा म्हणाला, "अगदी तसेच, ताई. पाचाची शेपटीसुद्धा."
गाडी ढकलत कोपऱ्यापर्यंत मागे नेली. तिथून हॉर्न वाजवत आलो.