वाचून दाखवणाऱ्या मुलीस

मी, शालिनी रामचंद्र भोयर, वय सहासष्ट, मूळची वाशिमची, हल्ली राहणार एयरोसिटी, मोहाली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझे चित्त ठिकाणावर आहे आणि मला कोणी भरीस घातलेले नाही. शेजारच्या चंदीगडच्या सेक्टर १७ मधले वकील म्हणाले, "माताजी, हिंदी में लिख दीजिए, आसान रहेगा." सोबत हिंदी भाषांतर जोडले आहे. मूळ मात्र मराठीतच राहील, कारण जे मी देऊन जाणार, त्यातले बरेचसे मला याच भाषेत सापडले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर. माझे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत होते. त्यांच्या बदल्यांबरोबर आम्ही भोपाळ, गुवाहाटी करत इथे आलो. शेजारपाजार म्हणेल तशी मी होत गेले, कुठे भाभीजी, कुठे मिसेस भोयर. यजमानांच्या मागे हे घर माझ्या नावावर झाले. माझ्या पश्चात ते संपूर्णपणे माझी एकुलती मुलगी चिन्मयी हिचे. तिने राहावे, भाड्याने द्यावे किंवा विकावे. आईची आठवण म्हणून जपण्याचे बंधन तिच्यावर नाही.

२. वाशिमची शेती. तिच्यातला माझ्याकडे आलेला हिस्सा माझे दीर नरेशभाऊजी यांना. ते ती कसतात, तेव्हा ती त्यांचीच. पण एक गोष्ट लिहून ठेवते. यजमान गेल्यावर मी बाहेरून एम.ए.ला बसले, मराठी साहित्य घेऊन. तेव्हा भाऊजी फोनवर म्हणाले, "वहिनी, आता काहून शिकून राहिल्या? कोनाले दाखवाचं हाये?" त्याचे उत्तर मला आता सुचते. भाऊजी, दाखवायचं नव्हतं, मला पाहायचं होतं.

३. पुस्तके. ती सगळी चिन्मयीची. याला कारण आहे.

मी एम.ए.ला बसले त्याच वर्षी तिला पुण्याचे एक स्थळ आले. चिन्मयी मोहालीत आयटी कंपनीत आहे. मराठी तिला सगळी कळायची, पण बोलायची हिंदी. मुलाची आई हसत म्हणाली, "बोलता येत नाही, मग तू मराठी कशी गं?" मंडळी गेल्यावर चिन्मयीने मला विचारले, "मम्मी, यहाँ मैं मराठी हूँ, वहाँ पंजाबी। तो मैं हूँ क्या?" मी कपबशा उचलू लागले. तिने स्थळ नाकारले आणि मी मराठीत काही बोलले की ती उठून खोलीत जाऊ लागली.

हिवाळ्यात माझ्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले. परीक्षा तोंडावर आणि वाचायला मनाई. मी तिला म्हणाले, "वाचून दाखवशील का? अर्थ लागला नाही तरी चालेल." लिपी तर हिंदीचीच. ती नाइलाजाने अभ्यासक्रमातली कादंबरी घेऊन बसली.

बाहेर दिवसभर धुके असे. जवळच्या विमानतळावरची विमाने ऐकू येत, दिसत नसत. काळ्या चष्म्याआड डोळे मिटून मी तिचा आवाज ऐकत राही. तिचे 'चांदणं' हिंदीतल्या 'चाँद'सारखे उमटे आणि 'ळ' आला की ती ठेचकाळे. मला वाटे, मी होडीत निजले आहे, काठाने गावे सरकत आहेत, आणि त्यांतले कुठले माझे, कुठले हिचे, ते कळत नाही.

त्या कादंबरीतली बाई सासरी माहेरची ठरे आणि माहेरी सासरची. एकदा वाटेतल्या धर्मशाळेत, ऐकायला कोणी नसताना, ती स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारते. तिथे चिन्मयी थांबली. मला वाटले, शब्द अडला. पण ती म्हणाली, "आई, हे माझं आहे."

त्या दिवसापर्यंत तिने मला आई म्हटले नव्हते. 'झ' चुकला होता. मी तो दुरुस्त केला नाही.

"माझंही," मी म्हणाले. आणि कधी न सांगितलेले तिला सांगितले, की माहेरी मी कृष्णा होते, शालिनी हे लग्नात ठेवलेले नाव. ते जुने नाव मी इतकी वर्षे मनातसुद्धा घेतले नव्हते.

"मग मी तुला काय म्हणू?" तिने विचारले.

"आई म्हण. बाकीची नावं इतरांनी ठेवली, आई मी स्वतः झाले."

परीक्षा मी पास झाले. चिन्मयीने पुस्तक खाली ठेवले नाही. आता रविवारी आमच्याकडे नॉलेज सिटी या शिक्षणसंस्थांच्या परिसरातली, मोहालीतली चारदोन मराठी मुले जमतात. कोणी हिंदीत बोलते, कोणी इंग्रजीत, वाचतात मराठी. कोणी कोणाला हसत नाही.

४. अंत्यविधी. तो इथेच करावा. मला वाशिमला नेण्याची खटपट करू नये. तेराव्याला चिन्मयीने हवे ते पान वाचावे, हव्या त्या भाषेत.

५. शेवटचे, नातेवाइकांसाठी. चिन्मयी कुठली, असे कोणी विचारले तर उत्तर तिने द्यावे. ती आज चंदीगडची म्हणेल, उद्या वाशिमची म्हणेल, एखाद्या दिवशी म्हणेल की अजून वाचते आहे. तिन्ही उत्तरे खरी धरावीत.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, चिन्मयीकडून मोठ्याने वाचून घेतला आणि साक्षीदारांसमोर सही केली.

सही: शालिनी रामचंद्र भोयर

आम्हां दोघांसमक्ष त्यांनी सही केली व त्यांच्यासमक्ष आम्ही:
१. डॉ. प्रतिमा अंकुर साखरे, मोहाली
२. रुपेश वानरे, नॉलेज सिटी

स्थळ: सेक्टर १७, चंदीगड
दिनांक: १६ जानेवारी २०२५