सिरॅमियम जयवंताए

बारामती,
रविवार, ता. १८ फेब्रुवारी १९९६

प्रिय अक्का,

सप्रेम जय भीम.

मी इकडे बरा आहे. तुझा गुडघा आता कसा आहे? दाजींची लोणी देवकरच्या फॅक्टरीतली रात्रपाळी संपली का? तू दिलेली ज्वारी अजून आहे, पण इथली गिरणी बंद पडलीय, म्हणून मी मेसचं खातो आणि मेसवाल्याच्या नावानं बोटं मोडतो. हरभरा काढलात का? खालच्या तुकड्यात यंदा तरी बरं उगवलं, की पुन्हा मीठ वर आलं?

हे पत्र दिशाच्या हातीच देणार होतो. पण तुझी लेक ९ तारखेच्या शुक्रवारपासून मामाशी बोलत नाही. कॉलेजात मी समोरून आलो की ती ग्रंथालयात वळते. काल ती घरी आली असेल, तिनं तुला काही सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही. म्हणून पोस्टानं पाठवतोय. माझं अक्षर तुला लागत नाही, तेव्हा वाचून तीच दाखवील. दिशा, बाळ, आहे तसं वाच. मामाची बाजू सावरायला काही गाळू नकोस, आणि आईला वाईट वाटेल म्हणूनही गाळू नकोस.

अक्का, मागे तू निरोप धाडलास, ‘माज्या नावाचं शेवाळ कुठवर आलं?’ मी उत्तर दिलं नाही. आता देतो. ते वाण नवं नाही. रत्नागिरीच्या कातळावर ते ढिगानं उगवतं आणि त्याला नाव मिळून कितीतरी वर्षं झाली. सिरॅमियम जयवंताए असं काही या जगात नाही. तुझं नाव पुस्तकात छापून येणार नाही.

एवढं लिहून मी चहा पिऊन आलो.

तुझ्यापुढे मी नेहमी ‘वाण’च म्हणत आलो. आमच्या शास्त्रात त्याला जात म्हणतात, आणि जात ठरवणं हाच माझा धंदा. पण आपल्या घरात हा शब्द कुणी काढला की तू ताटावरून उठतेस. म्हणून ओसरीवर नाव वाचून दाखवलं तेव्हाही मी ‘नवं वाण सापडलं’ एवढंच म्हणालो होतो. तू विचारलंस, ‘माज्या नावाला ए कशाला लावतोस? कोन हाक मारतंय व्हय?’ मी लॅटिनचं व्याकरण सांगायला बसलो, तोवर शेजारच्या धोंडाबाई काकूंनी विचारलं, ‘भाजी करत्यात का त्याची?’ किती हसलो आपण. नंतर तू साऱ्या आळीत सांगितलंस. तुझं त्यात काही चुकलं नाही. पक्कं व्हायच्या आधी बडबडलो तो मी.

झालं काय ते सांगतो. हे लाल शेवाळ नुसत्या रंगावरून ओळखत नाहीत. धागा केसासारखा बारीक, त्यावर आडवे लाल पट्टे, आणि टोकं चिमट्यासारखी आत वळलेली. दोन पट्ट्यांमध्ये मोकळी जागा किती, हे पाहून एक वाण दुसऱ्यापासून वेगळं काढायचं. माझ्या नमुन्यातली जागा कुठल्याच वर्णनाशी जुळेना. रंगही लाल नाही, फिका नारिंगी. मी हुरळलो.

दिवाळीच्या सुट्टीत ते नमुने घेऊन मी रत्नागिरीहून थेट तुझ्याकडे उतरलो होतो, माझ्या खोलीत नमुने वाळवायचे कागद पसरायला जागा नाही म्हणून. तू ते सगळं परातीत घेतलंस आणि कालव्याच्या पाण्यानं घोळून घोळून धुतलंस. म्हणालीस, ‘मीठ लई हाय रं ह्याच्यात. जळून जाईल बिचारं.’ खालच्या तुकड्यातलं मीठ काढायला तू वाफ्यात पाणी कोंडून सोडून देतेस, तसंच तू याचंही केलंस. जेवताना बोललीसही, ‘लाल पानी लई गेलं. मळ व्हता वाटतं.’ मी ‘हं’ म्हणालो आणि चटणी मागितली.

तो मळ नव्हता, तो त्याचा रंग होता. समुद्राचं शेवाळ मिठातच जगतं. गोडं पाणी लागलं की ते आतून फुगतं, फुटतं आणि रंग वाहून जातो. धागा फुगला, पट्टे लांब गेले, आणि त्या फुगलेल्या धाग्यात मला नवं वाण दिसलं.

वर मी ‘तू धुतलंस’ असं लिहिलंय. ते अर्धंच आहे. ‘अक्का, एवढं धुऊन ठेव, मी जरा पडतो’ असं मी म्हणालो होतो. समुद्राच्या पाण्याचा कॅन बरोबर आणलेला, तो जड झाला म्हणून इंदापूरच्या स्टँडवर मीच ओतून दिला. आपल्याकडे शेतातून, बाजारातून काहीही आलं तरी आधी पाण्यातून काढायचं, मग घरात घ्यायचं. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. समुद्रातल्या शेवाळावर डॉक्टरेट करायला निघालेला हा तुझा भाऊ, त्यानं समुद्र पाहिला तोच तिशी गाठल्यावर.

आता त्या शुक्रवारचं. हे दिशाला ठाऊक आहे, म्हणून तर ती ग्रंथालयात वळते.

आमच्या कॉलेजात चर्चासत्र होतं. मी ऐटीत माझं वाण मांडलं. रत्नागिरीच्या एक प्राध्यापक बाई आल्या होत्या. त्यांनी बाटलीत समुद्राच्या पाण्यात ताजं शेवाळ आणलं होतं, गडद लाल. त्यातला एक धागा त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि वर नळाच्या पाण्याचा थेंब सोडला. मला म्हणाल्या, बघा. मी डोळा लावला, तर गुलाबी रंग धाग्यातून बाहेर पसरत चाललेला. त्यांनी हळूच विचारलं, ‘सर, नमुने गोड्या पाण्यात धुतले होते का?’ त्या हसल्या नाहीत. ‘देशावरून येणाऱ्यांचं असं होतं,’ असंही म्हणाल्या. मला ‘हो, चुकलं’ म्हणून खाली बसता आलं असतं.

पण समोर प्राचार्य, सगळे विभागप्रमुख. मला वाटलं, आता यांचं लक्ष शेवाळाकडे नाही, माझ्याकडे आहे. हा कुठून आलाय, कुणाचा आहे, हेच मनात घोळवत असतील. तसं कुणी काही बोललं नव्हतं, अक्का. माझं मीच ऐकलं. आणि मी म्हणालो, ‘मी नव्हे. घरच्या अडाणी माणसांनी धुतले.’

हॉल हसला. मीही हसलो. दिशा चौथ्या रांगेत होती, ती हसली नाही.

मला लाज वाटते, अक्का. बोललो त्याची वाटते आणि वर हसलो त्याची त्याहून जास्त वाटते. शेवाळ गेलं त्याचं दुःख विरून जाईल, पुन्हा रत्नागिरीला जाईन, दुसरं काही हाती लागेल. हे विरत नाही. वर्गात फळ्याकडे तोंड करून शिकवतो आहे.

भेटायला येऊ का? तू नको म्हणालीस तर येणार नाही.

दाजींना जय भीम सांग.

तुझा भाऊ म्हणवून घ्यायला कचरणारा,
बुद्धघोष

***

इंदापूर,
ता. २५ फेब्रुवारी १९९६

मामा, आई बोलली तसंच लिहिते आहे. माझं यात काही नाही. – दिशा

बुद्धघोषा,

जय भीम. गुडगा हाय तसाच हाय. हरबरा काढला. खालच्या तुकड्यात मीठ वर आलंच, त्यात नवं काय न्हाय.

दिशा मला काय बी बोलली न्हवती. वाचता वाचता मधीच तिनं कागद खाली ठिवला. मी म्हनलं, वाच. तिनं वाचलं. मी म्हनलं, पुन्यांदा वाच.

शेवाळाचं मला बी वंगाळ वाटलं. माज्या हातनं तुजं काम नासलं. तू धू म्हनला व्हतास खरं, पर एवढं घोळाय नगं व्हतं. नाव काय छापून येत न्हाय म्हनून धोंडाबाईला सांगून टाकलं. ती म्हनली, जाऊ दे, भाजी बी व्हत न्हवती त्याची.

अडाणी म्हनलास त्याचं मला काय न्हाय. हायेच मी. चौथीत शाळा सुटली ती सुटली. पर ‘घरच्या मानसांनी’ म्हनलास. कुठली रं मानसं? परातीपाशी मी एकलीच बसले व्हते. शेवाळाला माजं नाव देनार व्हतास, पुस्तकात, लॅटिनमंदी. आन तितं भरल्या हॉलात तुला माजं नाव घेता आलं न्हाय. बहीण म्हनून बी न्हाय.

एवढंच लागलं मला. लई लागलं.

आता असं कर. त्या रत्नागिरीच्या बाईला लिव. माजी बहीण जयवंता, तिनं कालव्याच्या पान्यानं धुतलं, आन धू म्हनून मीच सांगितलं व्हतं. चांगल्याला नाव देनार व्हतास, तसं नासल्याला बी दे. लिवलेलं दिशाला दाखव, टपालात टाक, आन मंग ये. त्याच्या आदी येऊ नगंस. आलास की भाकरी हितंच खा, मेसचं काय खातोस.

नाव नुसतं लिव. म्होरं ए लावू नगंस.

सही दिशा करते म्हनली. मी म्हनलं, दे हिकडं, माजी मी करते.

जयवंता