आठ नळ्या

१२ जानेवारी २०२५, रविवार

मेलो असतो आज तिघंही!

लेथ, लोखंड कातायची मशीन, पिकअपमधून उतरवताना साखळी सटकली. टनापेक्षा जास्त वजन. फळ्यांवरून घसरत सरळ माझ्याच अंगावर. आमचे वडील, अण्णा, ओरडले, "पहार सोड! आम्रपाली, सोड ती पहार!" सोडली आणि बाजूला पडले. अंगणाची भिंत अख्खी खाली. जीवनचं कोपर फुटलं. माझा भाऊ तो, कडा ते आष्टी काळीपिवळी जीप चालवतो. रक्त पुसत हसतोय. "ताई, पयल्या नवऱ्यापरीस ह्यो वजनदार हाय बघ!" आईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला.

पण लेथ शेडात आली. शाबूत. नगरकडच्या एका बंद वर्कशॉपमध्ये अठरा वर्षं पडून होती. आता माझी.

१३ जानेवारी

हात खांद्याच्या वर जात नाही. भांडी आईनं घासली.

१९ जानेवारी, रविवार

आठवडाभर गंजाशी मारामारी. डिझेल, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर. दोन नखं उखडली. काम पकडून फिरवणारा चक सुटेना म्हणून हातोडा घेऊन तुटून पडले, घाम आणि शिव्या एकदमच बाहेर. अण्णा खुर्चीतून बघत होते. म्हणाले, "लेथला मारू नको. तिला मारलं की ती परत मारती. मला दणका देला तसा." आणि उजवा हात वर केला. दोन बोटं नाहीत. तेहतीस वर्षं टर्नर होते. रिटायर झाल्यावर बोलणंच तोडलं होतं त्यांनी. आता सकाळी सातला खुर्ची घेऊन शेडात हजर!

मी चाकणला अकरा वर्षं कॉम्प्युटरच्या मशीनवर काढली. काचेचं दार लावायचं, बटण दाबायचं. आधी नवरा सुटला, मग नोकरी. रडले नाही दोन्ही वेळेला. इथं मात्र हा चक सुटला आणि हमसून हमसून रडले. का ते कळलं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

चालली!

मोटर थ्री फेजची, घरात सिंगल फेज. सिंगलवर थ्री फेज चालवणारा ड्राइव्ह आणून बसवला. जीवन मीटरजवळ उभा, "जळंल, ताई, सगळं घर जळंल." बटण दाबलं. गरगरली, आणि जुना पट्टा तुटून सप्पकन माझ्या तोंडावर बसला. भुवई फुटली. तीन टाके.

दवाखान्यातल्या सिस्टरनं हळूच विचारलं, "नवऱ्यानं मारलं का?"

म्हटलं, "न्हाई, पट्ट्यानं."

तिनं माझा हात दाबला. सगळं समजल्यासारखा!

परत आले, नवा पट्टा चढवला. दुपारी अण्णांनी पहिली साल काढली. लोखंडाची साल निळी होऊन वेटोळं घेत खाली पडली. म्हाताऱ्याच्या ओठांत गाण्याची ओळ होती. मी बघतेय म्हटल्यावर गप्प.

११ फेब्रुवारी

कामं येऊ लागली. केजच्या एका माणसाचा पंपाचा शाफ्ट, रसवंतीचा एक रूळ. बाई लेथ चालवते म्हणून बघायलाही येतात. बघू दे.

आज अजिनाथ आला. वाळूचे हायवा डंपर आहेत त्याचे. निवडणुकीत माणसं पुरवतो. बरोबर दोघं. फडक्यातून एक नळीचा तुकडा काढून बेंचवर ठेवला. "अशा आठ कर. आतून चकाचक पायजे."

"कशाला लागतात?"

"पाण्याला. कावून?"

अण्णांनी तुकडा उचलला, उजेडाकडं धरून आरपार बघितलं, खाली ठेवला. "हे काम आमच्यात होत न्हाई."

"होत न्हाई का करत न्हाई?"

"करत न्हाई."

अजिनाथ हसला. "म्हातारबा, बोटं आठच ऱ्हायली तुमची. म्या बी आठच नळ्या मागतोय."

गेला. तुकडा तिथंच ठेवून. अण्णा म्हणाले, "गावठी कट्ट्याची नळी हाय पोरी. गोळी जाती त्यातून."

१४ फेब्रुवारी

आम्ही बाजारात गेलतो तेवढ्यात शेडचं कुलूप तोडलं. ड्राइव्हवर दगड घातला. दुसरा मागवला. नळीचा तुकडा मात्र बेंचच्या मधोमध, फडक्यावर, नीट ठेवलेला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

जीवनला मारलं.

दिवसाढवळ्या, अकरा वाजता, भरलेली जीप थांबवून. चौघं होते. ओढून बाहेर काढला, एकानं छातीवर गुडघा ठेवला, दुसऱ्यानं नडगीवर रॉड. एकदा. मग त्याच जागी पुन्हा. जीपमधली माणसं उतरली आणि चालत निघून गेली. एक म्हातारी तेवढी बसून राहिली. तिनंच आम्हाला फोन करवला. मी पोचले तेव्हा जीवन रस्त्याच्या कडेला पडला होता. पँटीतून हाड बाहेर. मला बघून म्हणाला, "ताई, जीपची चावी घे आधी."

चौकीत साहेब म्हणाले, "नाव घेऊ नको. पडला म्हणून लिहितो. तुमच्याच भल्याचं हाय." मी टेबलावर हात आपटला. त्यांचा चहा सांडला. "बाई म्हणून सोडतो तुला," म्हणाले.

नगरला नेलं. पायात सळई घालणार आहेत.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दिवसभर चकची चावी हातात धरून बसले. लोखंडी, जड. अजिनाथच्या डोक्यात नेमकी कुठं घालायची ते ठरवलं. कानाच्या वर. आवाज कसा येईल तेही ऐकलं मनात, आणि बरं वाटलं! हे मी लिहितेय. बरं वाटलं.

आई म्हणाली, "तुझ्या तोंडाकडं बघवंना गं."

मग अण्णा दारात येऊन म्हणाले, "म्या करतो त्या नळ्या."

"तुमी? किती पोरं मरतील त्यानं!"

"माझा ल्योक एकच हाय."

"भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो हाय, अण्णा. त्याच्यासमोर हे बोलताय? लाज वाटत न्हाई?"

थोबाडीत बसली. तीन बोटांच्या हाताची. लहानपणानंतर पहिल्यांदा. आणि मी ढकललं त्यांना. जोरात. म्हातारा लेथवर जाऊन आदळला, कमरेत वाकला. मी माझ्या बापाला ढकललं.

उठून त्यांनी मला बाहेर काढलं आणि शेडला आतून कडी लावली.

१ मार्च

पाच दिवस लेथ चालू. मी तिकडं जात नाही. पण आवाजावरून कळतं, आता आतून कापतायत, आता घासतायत. आई डबा दाराशी ठेवते. कान बंद करून करून दुखायला लागलेत.

जीवनला फोनवर सांगितलं नाही.

६ मार्च, गुरुवार

अजिनाथ आठही नळ्या घेऊन गेला. बोट फिरवून एकेक बघितली. "काय हात हाय म्हाताऱ्याचा!" वाकून अण्णांच्या पाया पडला. मग म्हणाला, "आधीच ऐकलं असतं तर पोराची तंगडी वाचली असती."

अण्णा म्हणाले, "चुकलं माझं."

मी शेडामागं जाऊन ओकले.

७ मार्च

भंगारवाल्याला फोन केला. लेथ घेऊन जा म्हटलं. सोमवारी येतो म्हणाला.

१० मार्च

आला. अण्णा दारात आडवे उभे राहिले. "हिचा काय गुन्हा?" तो परत गेला. अण्णांशी बोलत नाही मी. ताट वाढते, बोलत नाही.

२७ मार्च, गुरुवार

अजिनाथचा हात मनगटापासून गेला. एक डोळाही. काल शेतात कट्टा चालवून बघत होता, नळी हातातच फुटली. जीवननं नगरहून फोन करून सांगितलं.

धावत शेडात गेले. अण्णा चहा पीत होते. म्हणाले, "तेहतीस वर्षांत एक जॉब खराब देला न्हाई म्या. हे आठ देले. मुद्दाम. तुला सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं."

त्यांच्या पायाशी बसले. पाय धरले. किती तरी वेळ.

मग विचारलं, "अण्णा, बाकीच्या सात कुणाकडं हायत?"

"ते कुठं ठाऊक हाय, पोरी."